शिबिराला कोण आलं नाही?

बारामती किंवा इंदापूर तालुक्यातल्या मोठ्या गावात वर्षाकाठी एखाद-दुसरं तरी आरोग्य शिबिर होतं. मंदिराच्या सभामंडपात टेबलं मांडली जातात, बीपी-शुगर तपासली जाते, चष्म्याचे नंबर काढले जातात आणि संध्याकाळी आकडा जाहीर होतो : इतक्या ज्येष्ठांची तपासणी झाली. त्या आकड्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न उरलेल्यांचा आहे. रांगेत असतात ते बहुधा गावठाणात राहणारे, चालते-फिरते, किंवा ज्यांना मुलाने गाडीवरून आणून सोडलं असे. कालव्यापलीकडच्या वस्तीवरची, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेली विधवा आजी तिथं नसते. तिला शिबिर आहे हेच कळलेलं नसतं. म्हणून सरपंच असा, ज्येष्ठ नागरिक संघाचे कार्यकर्ते असा, बचतगटाच्या ताई असा, किंवा आई-वडील गावी ठेवून पुण्यात नोकरी करणारे असा, तुम्हाला एकच सांगणं आहे. ज्येष्ठांच्या आरोग्यासाठी काही करायचं असेल, तर जे आले नाहीत त्यांच्यापासून सुरुवात करा.

या दोन तालुक्यांत ही विषमता जमिनीवरच दिसते. नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात ऊस, कारखाना, डांबरी रस्ता आणि दारात गाडी. सुपे-मोरगावकडच्या जिरायती पट्ट्यात उन्हाळ्यात टँकरची वाट. इंदापुरात उजनीच्या फुगवट्याने पळसदेवसारखी गावं उठली. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. तेव्हा ऐन पंचविशी-तिशीत घरदार हलवलेली माणसं आज सत्तरी ओलांडलेली आहेत. बारामतीत सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे, रुईचं ग्रामीण रुग्णालय आहे, २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय आहे. दवाखाने नाहीत अशी ओरड इथं खरी ठरत नाही. घरापासून दवाखान्यापर्यंतचं अंतर सगळ्यांना सारखं नाही, आणि ते नुसतं किलोमीटरमध्ये मोजता येत नाही.

हे आपल्याच जिल्ह्यात तपासूनही झालं आहे. शिरूर तालुक्यातल्या वढू परिसरात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र वर्षानुवर्षं घरोघरच्या नोंदी ठेवतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका मोठ्या अभ्यासाचा भाग म्हणून तिथल्या पन्नाशी ओलांडलेल्या पाच हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांना त्यांच्या प्रकृतीबद्दल विचारलं गेलं. निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. बायका, न शिकलेले, गरीब आणि जोडीदार नसलेले लोक आपली प्रकृती इतरांपेक्षा वाईट असल्याचं सांगत होते. आता या चारही गोष्टी एकाच माणसात एकत्र करून पाहा. गरीब, निरक्षर, विधवा बाई. गावात अशा किती आहेत हे तुम्हाला तोंडपाठ असेल. नसेल, तर पहिलं काम तेच.

यादी करा, पण वेगळी

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढचे लोक शंभरात जवळपास दहा होते. म्हणजे तीन हजार लोकसंख्येच्या गावात तीनशेच्या आसपास, आणि आता त्याहून जास्तच. इतक्या जणांकडे एकदम पोचता येत नाही, आणि त्याची गरजही नाही. आशाताईंकडे घरनिहाय नोंदी असतातच. तिशीपुढच्या प्रत्येकाचा जोखमीचा फॉर्म त्यांनी भरायचा असतो. त्यांच्याबरोबर बसा आणि त्या नोंदीतून वेगळी नावं काढा : एकटे राहणारे, विधवा, गावठाणापासून दूर वस्तीवरचे, अंथरुणाला खिळलेले, नीट दिसत किंवा ऐकू येत नाही असे, आणि ज्यांच्याकडे धड एकही कागद नाही असे. ज्यांच्या नावापुढे दोन-तीन खुणा पडतील, त्यांच्या घरी आधी जायचं.

गळीत हंगामात आणखी एक यादी लागते, आणि ती कुठल्याच गावाच्या दप्तरात नसते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी या कारखान्यांच्या आसपास ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. तिथं नातवंडं सांभाळायला आणलेली म्हातारी माणसं असतात, आणि साठीतही कोयता न सुटलेली असतात. गावच्या आशाताईंना ती 'आपली' वाटत नाहीत, आणि त्यांच्या मूळ गावच्या आशाताईंच्या दृष्टीने ती 'बाहेर गेलेली' असतात. कारखान्याच्या गट कार्यालयातून टोळ्यांची ठिकाणं मिळतात. उपचार कुठल्याही सरकारी दवाखान्यात मिळतो आणि राज्याची महात्मा फुले योजना राज्यभर चालते. फक्त रेशनकार्ड आणि आधार कोपीवर बरोबर असायला हवं.

घरी गेल्यावर “तब्येत कशी आहे?” असं विचारू नका. “बरी हाय की,” हे उत्तर ठरलेलं आहे. म्हातारं माणूस लेकरांच्या जिवाला घोर नको म्हणून खोटं बोलतं, आणि सूनबाई शेजारी उभी असेल तर आणखीच बोलतं. त्याऐवजी असं विचारा : दवाखान्यात शेवटचं कधी गेलात आणि कोणाबरोबर? गोळ्यांची पिशवी बघू? सुईत दोरा ओवता येतो का? भाकरी चावते का, की चहात बुडवून खाता? गेल्या पावसाळ्यात कुठं पडलात का? रात्री उठून बाहेर जावं लागतं का, आणि तिथं उजेड आहे का? पाच-दहा मिनिटांत, यंत्र न लावता, निम्मं दुखणं कळतं. उत्तरं वहीत लिहा, कारण पुढच्या सगळ्या धावपळीला तीच आधार आहेत.

घरात सांभाळणारं कोण आहे तेही बघा. बहुतेक ठिकाणी नव्वदीच्या सासूची उठबस करणारी सून स्वतःच साठीची असते, आणि तिचे गुडघे कोणी विचारलेले नसतात. यादीत तिचंही नाव घाला.

कागद

बऱ्याच जणांचं घोडं इथंच अडतं. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आणि साल अंदाजपंचे, रेशनकार्डावर नाव 'काशीबाई' आणि आधारवर 'काशी', आयुष्यभर खुरपं धरल्याने बोटांचे ठसे उमटत नाहीत, ओटीपी जातो तो मुंबईतल्या नातवाच्या जुन्या, बंद पडलेल्या नंबरवर. दुखणं अंगावर आल्यावर हे दुरुस्त करायला वेळ नसतो. म्हणून धडधाकट असतानाच करा. ठसे उमटत नसतील तर आधार केंद्रात बोटांबरोबर डोळ्यांची नोंदही अद्ययावत करून घ्या. नंबर गावात राहणाऱ्या माणसाचा जोडा. नावातला फरक आधी मिटवा.

मग कार्ड. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशनकार्ड चालतं आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. सत्तरी पूर्ण केलेल्यांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राचं आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही, म्हणजे बागायतदारालाही ते मिळतं आणि शेतमजुरालाही. घरातले सगळे आधीच आयुष्मान योजनेत असले तरी सत्तरीपुढच्यांसाठी हे ५ लाख वेगळे असतात. एका घरात आजोबा-आजी दोघं सत्तरीपुढचे असतील, तर ती रक्कम दोघांत मिळून. जुना आजार आहे म्हणून नाकारता येत नाही. वय आधारवरून धरलं जातं, म्हणून वरची जन्मतारखेची गोष्ट महत्त्वाची. बाहत्तर वर्षांच्या माणसाचं आधारवर वय सहासष्ट असेल तर कार्ड निघत नाही. चौकशीसाठी १४५५५, आणि फुले योजनेसाठी १५५३८८.

कार्ड हातात आलं म्हणजे काम झालं असं मात्र नाही. ते दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. बाहेरच्या बाहेर तपासणी, महिन्याच्या गोळ्या, गुडघ्याचा पट्टा यांना ते चालत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाचा खरा खर्च तिथंच होतो. शिवाय ते योजनेतल्या रुग्णालयातच चालतं. तिथं आरोग्यमित्र बसतो. अनामत भरण्याआधी त्याला गाठा. एकदा रोख पावती फाटली की पुढचा वाद लांबतो.

एसटी आणि बाजारचा दिवस

पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून एसटीत तिकीट नाही. पासष्ट ते पंचाहत्तर वयाला निम्मं तिकीट, आणि २०२३ पासून बायकांना कुठल्याही वयात निम्मं. आरोग्य खात्याने काढलेली नसली, तरी ग्रामीण म्हाताऱ्यांसाठी ही राज्यातली सर्वांत उपयोगी आरोग्य योजना आहे, असं माझं मत आहे. अडचण एवढीच की एसटी फाट्यावर थांबते आणि वस्ती तिथून दोन-तीन किलोमीटर आत असते. तेवढ्या टप्प्यासाठी गावातल्या तरुण मंडळाने आठवड्यातून एक सकाळ दोन दुचाक्या द्याव्यात. जयंतीच्या डीजेपेक्षा पेट्रोलला कमी पैसे लागतात.

दिवस ठरवताना आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमानुसार तिथं आठवड्यातून एकदा ज्येष्ठांची वेगळी ओपीडी असायला हवी. ती कोणत्या दिवशी, आणि खरोखर चालते का? चालत नसेल तर लेखी विचारा. तो दिवस बाजारच्या दिवसाला जोडून घेता आला तर उत्तम, कारण माणसं त्या दिवशी निघतातच. ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात सरकारी रुग्णालयांत वेगळी रांग ठेवण्याचीही तरतूद आहे. ती मागायला लाजू नका.

पैशाची भीतीही घालवा. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे उपकेंद्रापासून उपजिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत आहे. बारामतीचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर वैद्यकीय महाविद्यालय मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतं. तिथं जाताना शुल्काचं आधी विचारून घ्या, रेशनकार्ड बरोबर ठेवा. आणि खेपा वाचवा. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडून ई-संजीवनीवर मोठ्या डॉक्टरांशी बोलता येतं. बीपी-शुगरच्या गोळ्या एकदा सुरू झाल्या की महिन्याच्या एकदम मिळू शकतात. अंथरुणावरच्या माणसाच्या गोळ्या नातेवाईकाला आणता येतात.

पिशवीतल्या गोळ्या आणि ताकदीची सलाईन

यावर थोडं थांबतो, कारण नुकसान सर्वांत जास्त इथं होतं आणि बोललं सर्वांत कमी जातं. ज्याला मोठ्या दवाखान्यात जाता येत नाही, तो वस्तीवर येणाऱ्या किंवा नाक्यावर बसणाऱ्या डॉक्टरकडे जातो. गुडघं धरलं की सुई, अशक्तपणा आला की सलाईन. आजी दुसऱ्या दिवशी खरंच टुणटुणीत होतात, कारण त्या सुईत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. वारंवार घेतलेल्या स्टेरॉइडने साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो. दुखण्याच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू राहिल्या की पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं जातात. ज्याला आधीच बीपी आणि शुगर आहे त्याची तर लवकरच जातात. ताकदीच्या सलाईनमध्ये असतं मीठ-साखरेचं पाणी आणि एखादं जीवनसत्त्व. त्यातून जी ताकद मिळते तेवढी भाकरी-आमटीतूनही मिळते, आणि ज्याचं हृदय थकलं आहे त्याला ते जादा पाणी बाधतं.

म्हणून घरी गेल्यावर पिशवी रिकामी करून मांडा. एकाच औषधाच्या दोन नावांच्या गोळ्या दोन डॉक्टरांनी दिलेल्या सापडतात. तारीख उलटलेल्या सापडतात. बीपीची गोळी “आता बरं वाटतंय” म्हणून सोडलेली सापडते, आणि पक्षाघाताच्या किती केसेस त्या एका वाक्यातून येतात हे कुठल्याही सरकारी डॉक्टरला विचारा. पिशवी आहे तशी आरोग्य केंद्रात न्या, डॉक्टरांसमोर ठेवा, आणि काय चालू, काय बंद ते एका कागदावर लिहून घ्या. वाचता येत नसेल तर सूर्य आणि चांदणी काढून सकाळ-रात्र वेगळी करा. दुखण्याची गोळी स्वतःहून बंद करायला हरकत नसते. बीपी, शुगर, फिट आणि हृदयाची गोळी स्वतःहून बंद करायची नाही. स्टेरॉइड बरेच दिवस चालू असेल तर तेही एकदम तोडायचं नाही, डॉक्टरांच्या सांगण्यावरून कमी करत न्यायचं. हा फरक त्यांना पुन्हा पुन्हा सांगा.

मिश्रीचंही बघा. जुन्या पिढीतल्या बायका पहाटे मिश्री लावतात आणि ते व्यसन आहे हे त्यांच्या गावीही नसतं. तोंडात न भरणारी जखम, पांढरा-लाल चट्टा, तोंड पुरतं न उघडणं, यांतलं काही दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवा. आरोग्य केंद्रातल्या तपासणीत तोंडाचीही तपासणी आहे. पदर तोंडावर घेऊन बसलेली बाई ते स्वतः सांगणार नाही. बाई डॉक्टर किंवा सिस्टर असतील तर सोपं जातं.

डोळा, कान, दात

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी यंत्रणेत मोफत होते हे आता बहुतेकांना माहीत आहे. अडतं ते पुढे. सोबत कोण जाणार, जनावरांचं कोण बघणार, आठवडाभर चुलीचा धूर कसा टाळायचा? तेवढे दिवस शेजारणींनी स्वयंपाक वाटून घेतला तर शस्त्रक्रिया होते, नाही तर ती “दिवाळी झाल्यावर” वर जाते आणि तिथंच राहते.

साधनांसाठी दोन योजना आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना ६५ पूर्ण झालेल्या आणि घरचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांच्या खात्यात एकदाच ३,००० रुपये देते. चष्मा, काठी, गुडघ्याचा-कमरेचा पट्टा, कमोडची खुर्ची अशा वस्तूंसाठी. केंद्राची २०१७ पासूनची राष्ट्रीय वयोश्री योजना पैसे देत नाही, तपासणी शिबिरात मोजमाप घेऊन वस्तूच देते. अर्ज सध्या घेतात का आणि पुढचं शिबिर कधी, हे समाजकल्याण कार्यालयात विचारा. राष्ट्रीय योजनेत दातांची कवळीही आहे, हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. आणि कवळीकडे मी सर्वांत जास्त लक्ष वेधीन. दात नसले की भाकरी सुटते, शेंगदाणे सुटतात, कडधान्य सुटतं, उरतो चहा-बिस्कीट आणि भात. मग अशक्तपणा, मग तीच सलाईन. कवळी मिळेपर्यंत मूग-मटकी शिजवून घोटून, शेंगदाण्याचं कूट, ताक, अंडं चालत असेल तर अंडं.

श्रवणयंत्र मात्र द्यायचं आणि विसरायचं असं करू नका. बॅटरी संपली, शिट्टी वाजू लागली की ते ट्रंकेत जातं. महिन्याने घरी जाऊन बघणारं कोणी असेल तरच त्याचा उपयोग.

हातातला पैसा आणि प्रांत ऑफिस

श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळतात. वय ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० पर्यंत. महिन्याला १,७५० रुपयांत घर चालवणारं कुटुंब शोधून काढणाऱ्यांचं कौतुकच करावं. पण पात्र असून ज्यांचा अर्ज झालेला नाही अशा विधवा आणि निराधार बायका आजही आहेत. तहसीलमधल्या संजय गांधी शाखेत अर्ज जातो. पैसे सुरू असतील तर दरवर्षी हयातीचा दाखला गेला का, आणि खातं आधारला जोडलेलं आहे का तेवढं बघा. पैसे अचानक थांबण्याचं कारण बहुतेक वेळा यातच सापडतं.

जमीन मुलांच्या नावे करून दिली आणि औषधाला पैसे कोणी देत नाही, ही तक्रार बागायती पट्ट्यातही कमी नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यानुसार निर्वाहात औषधपाणीही येतं. प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, दरमहा १०,००० पर्यंत निर्वाह खर्च लावता येतो. दोन्ही तालुक्यांचं प्रांत कार्यालय बारामतीत आहे. अर्ज स्वतः करायचं धाडस नसेल तर संस्थेला त्यांच्या वतीने करता येतो. आधी १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर बोलून घ्या. नुसता तो फोन गेल्यावरही काही घरांत सूर बदलतो.

ग्रामसभेत काय मागायचं

आषाढात तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी जाते, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा आरोग्य पथकं उभी असतात, पाय चेपले जातात, गोळ्या वाटल्या जातात. म्हणजे म्हाताऱ्या माणसापर्यंत सेवा नेता येते. ती वस्तीपर्यंत न्यायची तर मागावी लागते.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वहीतली यादी घेऊन जा. नावं वाचू नका, ती माणसांची खासगी गोष्ट आहे. आकडे वाचा : इतके एकटे, इतक्यांना दिसत नाही, इतक्यांच्या घरी वर्षभरात आरोग्य कर्मचारी फिरकले नाहीत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. दृष्टी, श्रवण किंवा हातापायाचं अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असलेल्या ज्येष्ठांना दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं आणि मग ते या निधीत बसतात. हे प्रमाणपत्र काढून देणं हे गावाने करण्यासारखं काम आहे. गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडे वर्षाला थोडा अबंधित निधी येतो. त्यातून वस्तीवरच्या खेपेचं भाडं किंवा बीपीचं यंत्र मागा. उपकेंद्राची भेट महिन्यातून एकदा कोणत्या वस्तीवर, कोणत्या वारी, हे ठरवून मागा. “ज्येष्ठांकडे लक्ष द्यावे” असा ठराव कोणीही एकमताने मंजूर करतो, त्याचं पुढे काही होत नाही. वस्तीचं नाव, वार, रक्कम आणि जबाबदार माणसाचं पद, एवढं इतिवृत्तात लिहिलं गेलं का ते सही करण्याआधी वाचा, आणि पुढच्या सभेत पहिला विषय म्हणून तेच काढा.